मालिकेतल्या सुनेसाठी रोझरी

बुधवार, वारजे

बाबा गेल्यापासून आईने रोझरीची जपमाळ हातात घेतली नव्हती. रविवारी चर्चमध्ये मिस्सालाही येत नव्हती. "देव माझं कुठे ऐकतो?" एवढंच म्हणायची. मीही आग्रह सोडला होता.

आज टीव्हीवरच्या मालिकेतली सून बाळंतपणात बेशुद्ध झाली, आणि आई उठून कपाटातली रोझरीच घेऊन आली.

"अगं आई, ते सगळं खोटं असतं."

"असू दे. तिची सासू बघ, बाहेर बाकावर एकटीच बसलीय."

बाबांच्या वेळी आईही हॉस्पिटलात अशीच बसली होती. खोट्या माणसांसाठी केलेली प्रार्थना पोचत असेल? कोण जाणे. मी टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी बसले. आम्ही दोघींनी 'नमो मारिये' ही प्रार्थना म्हटली. मग आईने माळेचा पुढचा मणी धरला.

"आता एक ह्यांच्यासाठी म्हणू या," म्हणाली.