भोंगा आणि ब्रेक

मंगळवार, संध्याकाळ

वालीवच्या चाळीतलं सर्वेक्षण आज संपलं. भर दुपारी घरोघरी पुरुष बसलेले, आणि माझ्या फॉर्मांवर बेरोजगार एकच. तोही माझ्या हट्टाने.

"काम सुटलंय का?" विचारलं की प्रत्येक जण म्हणे, "नाही मॅडम, ब्रेक आहे."

कंत्राटी कामगार कायम होऊ नये म्हणून त्याला सहा-सात महिन्यांनी काढतात. तो ब्रेक. मग परत बोलावतात. बोलावतात? शेवटच्या खोलीतल्या काकांचा ब्रेक तिसऱ्या वर्षात आहे. अंगात मात्र कंपनीचा निळा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

बोलत होतो तेवढ्यात शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला. काका वाक्य अर्धं टाकून उभे राहिले. दारातून पाहिलं, तर समोरच्या सगळ्या खोल्यांत पुरुष उभे. भोंगा थांबला, तसे सगळे खाली बसले.

भाजी निवडणाऱ्या काकूंनी मानही वर केली नाही. "घाबरलीस काय पोरी? रोजचंच आहे."

मी 'बेरोजगार'वर खूण केली. काका शर्टाचं वरचं बटण चाचपत म्हणाले, "खोडा ना ते." मी खोडलं नाही. खरं लिहायचं नाही तर घरातली पहिली पदवीधर होऊन उपयोग काय?

संध्याकाळी ऑफिसातून फोन आला. सर्वेक्षण संपलं, उद्यापासून यायची गरज नाही.

आईने विचारलं, "काय गं, काम सुटलं?"

"नाही गं," मी पटकन म्हणाले, "ब्रेक आहे."

आवाज माझाच होता ना?

ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात आहे. काढायला हात उचलवत नाही.