घरातला फोटो

अहो,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. काल शेतकरी संघटनेचे चिटणीस आले होते. स्मरणिकेत अध्यक्षांचा घरातला, माझ्यासोबतचा फोटो हवा म्हणाले. मी अख्खी पेटी उपसली. बांधावर तुम्ही, मोर्च्यात तुम्ही, झाडाखाली सभा घेताना तुम्ही. घरातला एकच सापडला, आपल्या लग्नाचा. त्यातही तुम्ही खिडकीबाहेर बघताय! छताखाली जीव गुदमरतो म्हणायचात ना? त्याच छताखाली मी तुमचं ताट झाकून बसायचे.

शेवटी चिटणिसांना म्हटलं, "भाऊजी, हे घरात कधी नव्हतेच हो."

त्यांचे डोळे भरून आले. "वा वहिनी, काय बोललात! हेच मुखपृष्ठावर घेतो."

मी चहा टाकायला आत गेले.

तुमची,
घरातली