भोंगा वाजेपर्यंत

४ मार्च, सोमवार

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मला निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी लागली आणि नऊ वाजून बारा मिनिटांनी स्वागतकक्षातल्या मुलीने मला ‘आजी’ म्हटलं. माझं वय तुमच्या कॉम्प्युटरात आहे, नातं नाही, असं मी तिला सांगितलं. ती हसली. मग मीही हसले. दिवसच चांगला होता.

कंपनी घरी वापरायची श्वासाची मशीनं बनवते. ज्यांच्या छातीचे स्नायू थकलेत, त्यांना मास्कमधून हवा ढकलणारी. माझी थोरली बहीण, ताई, अशाच एका मशीनवर दिवसरात्र असते. तिच्याजवळ राहायला म्हणून मी या गावात आले आणि घरात बसून तिच्याशी भांडण्यापेक्षा बरं म्हणून ही नोकरी धरली.

काम असं. इथे कुणी प्रोग्रॅममध्ये काडीचा बदल करून सगळ्यांच्या सामायिक साठ्यात टाकला, की सर्व्हर आपणहून जागा होतो, मशीनचा प्रोग्रॅम पहिल्यापासून बांधतो आणि त्याच्या चाचण्या घेतो. याला बिल्ड म्हणतात. सगळ्या चाचण्या पास झाल्या तर भिंतीवरच्या पडद्यावर हिरवं, एक जरी नापास झाली तर लाल. लाल का झालं ते शोधायचा तरुण मंडळींना कंटाळा येतो, म्हणून मी. आकडेवारीच्या सरकारी खात्यात जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुकाच शोधल्या. ताई म्हणते, पगार दिला नसता तरी शोधल्या असत्यास.

माझ्या शेजारी बसतो त्याला मी मनात हेडफोन म्हणते. हेडफोन गळ्यात असतो आणि गाणी मात्र स्पीकरवर, अख्ख्या खोलीला. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

७ मार्च, गुरुवार

ताईचं जुनं मशीन धापा टाकायला लागलं होतं. नव्यासाठी दोन महिने थांबा, असं कारखान्याने कळवलं. मी मॅनेजरच्या टेबलाशी जाऊन माझं मत स्पष्ट शब्दांत मांडलं. तो घाबरून म्हणाला, मॅडम, असं करा, आपल्या इथल्या कपाटातलं एक घेऊन जा. माणूस वाईट नाही, फक्त खुर्चीवर पाय घेऊन बसतो.

संध्याकाळी हेडफोन स्वतः मशीन लावून गेला आणि जुनं मोडीत काढायला घेऊन गेला. ताईने त्याला विचारलं, की आमची धाकटी तिकडेही सगळ्यांना रागावते का. तो लाजून हो म्हणाला. दोघांचं जमलं.

१२ मार्च, मंगळवार

गुरुवार संध्याकाळपासून एकही बिल्ड हिरवं नाही. अडते ती शेवटची चाचणी. ती खऱ्या मशीनवर होते. सर्व्हर ऑफिसातल्या चाचणीच्या मशीनला त्याच्या आतल्या मोबाइल सिमवरून हुकूम देतो, हवा बंद कर. आता मशीनने भोंगा वाजवायला हवा. मशीनच्याच माइकमधून मोठा आवाज ऐकू आला की हवा सुरू आणि चाचणी पास. वीस सेकंदांत आला नाही तरी हवा सुरू, पण चाचणी नापास. गुरुवारपासून तेच एक वाक्य: ‘आवाज ऐकू आला नाही.’

इथली रीत मला पटलेली नाही. लाल झालं की कारण बघायचं नाही, पुन्हा चालवायचं. मॅनेजरने तर तशी सोयच करून ठेवली आहे: लाल आलं की सर्व्हर आपणच पुन्हा दोनदा चालवतो. मी पद्धतशीर काम केलं. दर वेळी एकच गोष्ट बदलली आणि बिल्ड चालवलं. दिवसभर. मान आखडली.

घरी आले तर ताईचा चेहरा उतरलेला. म्हणाली, दुपारभर कुणीतरी तोंडावर उशी दाबून धरत होतं. मी म्हटलं, नव्या मशीनची सवय व्हायची आहे. तिने तोंड फिरवलं.

१५ मार्च, शुक्रवार

डॉक्टर येऊन गेले. म्हणे मन अस्वस्थ आहे. झोपेची गोळी दिली. गोळीने फुप्फुसं हलतात हे मला नव्यानेच कळलं, तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं.

दिवसा ताईजवळ असणाऱ्या मावशी सांगत होत्या, मशीन मध्येच गप्प होतं. मी त्यांना झापलं. आमच्या कंपनीचं मशीन गप्प झालं तर भोंगा वाजतो. वाजला का? नाही ना? मग ते गप्प झालं नव्हतं.

बिल्ड लाल. पुढच्या शुक्रवारी नवा प्रोग्रॅम बाहेर पडायचाय, म्हणून सगळे भराभर बदल टाकताहेत. मी दमलेय.

१७ मार्च, रविवार

ऑफिस बंद. ताई आज नीट जेवली, दुपारी झोपली, उठल्यावर माझ्या केसांना नावं ठेवली. म्हणाली, तू घरी असलीस की हे मेलं मशीन शहाण्यासारखं वागतं.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१९ मार्च, मंगळवार

मावशींची रजा. लॅपटॉप घेऊन ताईच्या पलंगाशी बसले. सकाळी तीनदा मशीन थांबलं. तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. ताईने सांगितल्यावर मी विजेला शिव्या घातल्या. मग कामाला लागले. बिल्ड चालवलं.

मशीन थांबलं.

तो फुस्-फुस् आवाज नाहीसा झाला. ताईचे डोळे मोठे झाले. ती हात उचलू शकत नाही, नुसती बघत राहते. मी प्लग बघितला, नळी बघितली. मग हवा आली. पडद्यावर लाल.

मला अजून कळलं नव्हतं, देवाशपथ. सर्व्हर आपणच पुन्हा चालला. मशीन पुन्हा थांबलं. मी किंचाळले, ताई!

हवा लगेच आली.

पडद्यावर हिरवं. बारा दिवसांतलं पहिलं. ऑफिसातून हेडफोनचा मेसेज: अभिनंदन मॅडम, काय केलंत?

मशीन उलटं केलं. खालचा नंबर आणि सर्व्हर ज्याला हुकूम देतो तो नंबर एकच. कपाटातलं म्हणून मला दिलं ते चाचणीचं मशीन होतं. इतके दिवस मी— मागच्या मंगळवारी तर दिवसभर, एकेक गोष्ट बदलून, पद्धतशीर—

२० मार्च, बुधवार

मॅनेजरला फोन केला. ऐकत नाही. म्हणतो, चाचणीचं मशीन माझ्या डोळ्यांसमोर शेल्फवर आहे, तसं नोंदलेलंही आहे. शेल्फवरचं चालू करून बघा म्हटलं. म्हणाला, मॅडम, शुक्रवारपर्यंत कुणाला श्वास घ्यायला वेळ नाही.

हे त्याने मला सांगितलं.

भोंग्याबद्दल विचारलं तर हसला. चाचणीच्या मशीनच्या भोंग्याची वायर आम्हीच कापलीय, दिवसभर बोंबलायचा, डोकं उठायचं. मग इतकी वर्षं पास कशी होत होती? हेडफोनची गाणी ऐकून होत असेल. पुन्हा हसला. मी ताईच्या मशीनच्या जाळीतून बॅटरी मारून बघितलं. वायर कापलेली, वर चिकटपट्टी.

बिल्ड आपोआप सुरू होणं मी बंद करून टाकलं. दहा मिनिटांत त्यांनी ते परत सुरू केलं आणि माझा पासवर्ड काढून घेतला.

सिम आत सीलबंद आहे. काढायला मशीन बंद करावं लागेल. जुनं मशीन मोडीत. हॉस्पिटल म्हणतं, खाट उद्या संध्याकाळी.

तोवर एकच उपाय. थांबलं की ओरडायचं. कुणी तिकडे काही टाकलं की इकडे मी ओरडते. ताट वाजवून पाहिलं, मोबाइल लावून पाहिला, त्यांचा आवाज पुरत नाही. माणसाचा घसाच लागतो. ताई मास्कमधून म्हणाली, लहानपणापासून तुला हेच तर जमतं.

तक्रार लेखी द्या म्हणाले. दिली. सगळं लिहिलं, तारीखवार. ही चाचणी माणसाच्या ओरडण्यानेही पास होते, हेसुद्धा. मला वाटलं, तेवढं वाचून तरी—

२१ मार्च, गुरुवार

दुपार. सकाळपासून किती वेळा, मोजलं नाही. घसा फाटलाय. शेजारी येऊन गेले, त्यांना वाटलं मी ताईला मारतेय. आता तेच हॉस्पिटलला न्यायला गाडी बघायला गेलेत.

३.५०

कंपनीचं उत्तर आलं. हेडफोनने लिहिलंय, आनंदाने. तुम्ही कळवलेली चूक सापडली मॅडम. माणसाच्या आवाजाने चाचणी फसत होती. आता फक्त खरा भोंगाच चालेल. आणि भोंगा उशिरा वाजू शकतो म्हणून थांबण्याची वेळ वीस सेकंदांवरून पाच मिनिटं केलीय. दुरुस्ती तयार आहे, चहा घेऊन आलो की साठ्यात टाकतो.

पाच मिनिटं.

फोन उचलत नाही कुणी. स्वागतकक्षातली मुलगी म्हणते, सगळे खाली चहाला गेलेत आजी, मेल करा.

४.०५

गाडी आली नाही. मशीन चालू आहे. फुस्-फुस्. ताई विचारते काय झालं. मी म्हटलं, काही नाही, चहाची सुट्टी.

मेल पाठवतेय, इथेही उतरवते:

ती दुरुस्ती साठ्यात टाकू नका. मी कळवलेली चूक ती नव्हती. खाली सही करणारी, तुमची कर्मचारी आणि रुग्णाची सख्खी बहीण, आज चहाची सुट्टी संपण्यापूर्वी, म्हणजे सव्वाचारच्या आत, लेखी उत्तर मागते आहे: बिल्ड कुणी बंद केलं, त्याचं नाव, आणि बंद केल्याची वेळ. शुक्रवारी नाही, पाच वाजता नाही, सव्वाचारच्या आत मला लेखी कळवा, की मशीन आता