वहिनीच्या राजीनाम्याचं कारण

बाबा,

दादाच्या वकिलांनी कोर्टात वहिनीचं राजीनाम्याचं पत्र लावलं आहे. तेच, जे तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, त्यामुळे मधलं बरंचसं तुम्हाला माहीत नाही. थोडक्यात सांगते. दादा आणि वहिनी वेगळे झाले आहेत. दीड वर्षापासून ती मुलीला घेऊन घोडपदेवला आईकडे राहते. घटस्फोटाची केस चालू आहे आणि निकाल लागेपर्यंत तिने पोटगी मागितली आहे. त्यांचं का फिसकटलं यात मी पडत नाही. दोघांकडे आपापली कारणं आहेत आणि मला दोघांचीही पटतात, हीच माझी अडचण आहे. नात सात वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत.

पोटगी म्हणजे पगाराचा ठरावीक हिस्सा, अशी माझी समजूत होती. तसं काही नसतं. नवरा-बायको दोघांनाही प्रतिज्ञापत्रावर सगळं लिहून द्यावं लागतं. कमाई किती, कर्ज किती, घर कोणाचं, शिक्षण काय, मूल कोणाकडे, अवलंबून कोण, आणि नोकरी सोडली असेल तर का सोडली. मग न्यायाधीश दोन्हीकडचे कागद समोर ठेवून ठरवतात, की लग्नात ती जशी राहत होती साधारण तसं राहायला तिला किती लागेल, ती स्वतः किती मिळवू शकेल आणि त्याला किती झेपेल. म्हणजे सगळं त्या कागदांवर. तुम्हाला आवडलं असतं.

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी दादाने स्वतःचं प्रतिज्ञापत्र स्वयंपाकघरात माझ्यासमोर टाकलं. मी भाजी चिरत होते. म्हणाला, "चुका बघ जरा. बाबांची हेडक्लार्क तू." मी हात पुसून बघायला घेतलं. अवलंबून व्यक्तींमध्ये आई होती आणि तिच्याखाली मी. अविवाहित बहीण, वय चौतीस.

"मी तुझ्यावर अवलंबून?"

"फॉर्मॅलिटी आहे गं. वकील म्हणाला, डिपेंडंट जेवढे जास्त तेवढं बरं."

"लाइटबिल मी भरते. गॅस मी भरते. आईच्या गोळ्या मी आणते."

"हो, आणि पंखा पण तूच फिरवतेस. खोड ना मग तुझं नाव. एवढं काय त्यात."

मी खोडलं. त्याने इतक्या सहज खोडू दिलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पान उलटलं तर खाली वाक्य होतं, की पत्नीने स्वेच्छेने, वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडली असून ती शिक्षित आणि कमावण्यास सक्षम आहे. पुराव्यादाखल राजीनाम्याची प्रत जोडली होती. डावीकडे दोन भोकं, मीच पंच करून तुमच्या फाइलला लावलेली.

"ती का सोडून बसली ते तुला माहीत आहे ना रे?"

"मला माहीत आहे. पण कागदावर काय आहे ते बघ."

"ते मी लिहिलंय."

"मग चांगलं लिहिलंयस," तो म्हणाला आणि चहा मागितला.

तुमच्यावर मी इतकी कधी वैतागले नव्हते. तुम्ही आम्हाला वाचायच्या आधी अर्ज लिहायला शिकवलं असंच मला वाटतं. रे रोडच्या लाकडाच्या कंपनीत हेडक्लार्क म्हणून तीस वर्षं लोकांचे अर्ज घेतलेत, आणि घरी आलात की आमचे तपासायला बसायचात. नियम एकच. कारण एका ओळीत, ऑफिसला आपल्या घरात डोकावू द्यायचं नाही. चौथीत असताना आपल्या फणसवाडीत तीन दिवस पाणी नव्हतं, मी शाळा बुडवून आईबरोबर बादल्या भरल्या आणि रजेच्या चिठ्ठीत तसंच लिहिलं. तुम्ही लाल पेन्सिलीने ते खोडून वर "वैयक्तिक कारणास्तव" लिहिलंत. बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. "तुझं गं काय वैयक्तिक? लग्नबिग्न ठरलं की काय?" सगळा वर्ग हसला. घरी येऊन रडले तर तुम्ही म्हणालात, "हसू देत. पाण्याचं कळलं का त्यांना? नाही ना?" तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं. आपल्या घरात पाणी नाही हे लपवण्यासारखं काय होतं, हे मी कधी विचारलंच नाही.

मग तुम्हाला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. तुम्हाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं. आईच्या गुडघ्यांनी ते होईना. बाई ठेवली, ती नऊ दिवसांत गेली. आणि एका संध्याकाळी वहिनी परळच्या लॅबमधून येते, पर्स खुंटीला लावते, तुमच्या पलंगापाशी बसते आणि म्हणते, मी सोडते. तिथे ती रक्ताचे रिपोर्ट तपासायची, वर्षभरात सीनियर होणार होती. तिने स्वतः पत्र लिहून आणलं होतं. माझ्या सासऱ्यांना पक्षाघात झाला आहे, घरी चोवीस तास माणूस लागतं, म्हणून नाइलाजाने सोडते आहे. मी ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही डावा हात हलवलात. "वै... वै..." तेवढंच. मला पुढचं माहीत होतं.

"बाबांचं लिहिलं तर काय बिघडतं?" वहिनीने विचारलं. "आमच्या मॅडम म्हणत होत्या, कारण नीट लिही, कदाचित बिनपगारी रजेवर ठेवतील."

"त्यांना नाही आवडणार गं," मी म्हणाले, आणि नवा कागद घेतला. इंग्रजीत, दोन ओळी, सुंदर समास सोडून. ऑफिस तिचं, नोकरी तिची, आणि कारण मात्र आपण गाळलं. मॅडमनी दोन ओळी वाचल्या आणि राजीनामा मंजूर केला. सव्वादोन वर्षं तिने तुमचं केलं. तुम्ही गेलात तेव्हा ती सात महिन्यांची गरोदर होती, मग बाळ, मग बाळाची शाळा. आता तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरी तिथे सीनियर आहेत.

मी घोडपदेवला गेले. वहिनी मुलीच्या वहीला कव्हर घालत होती. तिच्या आईने चहा पुढे केला आणि म्हणाली, "घे गो बाय. आमका जास्तीचा नको. पण सगळा खरा लिव." मी अजून काही लिहीन असं म्हटलंही नव्हतं. मी वहिनीच्या बाजूने साक्ष देणार हे आपल्या आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "भावाच्या विरुद्ध नणंद कोर्टात. हेच बघायचं राहिलं होतं." दादा म्हणाला, "तू राहतेस कुठे, खातेस कुठे, याचा विचार कर." म्हणजे मी पुन्हा अवलंबून झाले, फक्त कागदावर नाही.

वहिनीच्या वकीलबाई दादरला बसतात. त्यांनी शांतपणे सांगितलं, की शिकलेली आहे, कमावू शकते, एवढ्यावरून पोटगी सहसा नाकारत नाहीत. कमावू शकणं आणि कमावत असणं यात कोर्ट फरक करतं. पण रक्कम ठरताना नोकरी कोणासाठी सोडली याला वजन असतं. हौसेने सोडली असं दिसलं तर आकडा खाली येतो, सासरच्या माणसासाठी सोडली असं घरातलंच कोणी सांगितलं तर वर जातो. मग त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि मी ते तपासलं. दोन वर्षं लिहिलं होतं, मी सव्वादोन करायला लावलं. बाई नऊ दिवस होती, त्यांनी आठवडा लिहिला होता. तुम्हाला भरवणं दिवसातून चारदा, तीनदा नाही. वकीलबाईंनी चष्मा काढला. "ताई, तुम्ही साक्षीदार आहात की ऑडिटर?"

काल मी शपथेवर सही केली. गुरुवारी तारीख आहे. दादा माझ्याशी बोलत नाही, आई माझं ताट वाढते आणि आत जाते. पण माझी चिडचिड त्यांच्यावर नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथे लिहिते.

त्या प्रतिज्ञापत्रात एक वाक्य आहे. "आजारी सासऱ्यांची शुश्रूषा करण्यास घरात दुसरे कोणीही उपलब्ध नव्हते." वकीलबाईंनी ते आपल्या मनानेच घातलं. मी तेव्हा तेवीसची होते. फोर्टच्या ऑफिसात लागून पाच महिने झाले होते आणि माझा पगार वहिनीच्या निम्माही नव्हता. घरातली एक नोकरी जायचीच होती तर ती कोणाची, हे कुठल्याही हेडक्लार्कने एका मिनिटात सांगितलं असतं. तुमची मुलगी मी. त्या संध्याकाळी ती "मी सोडते" म्हणाली तेव्हा मी इतक्या घाईने कागद घेतला, की कोणाला माझ्याकडे बघायला सवडच मिळू नये. सव्वादोन मी दुरुस्त केलं, नऊ दिवस दुरुस्त केले. हे वाक्य दोनदा वाचलं आणि तसंच राहू दिलं.

मी उपलब्ध होते, बाबा.