पाचव्या प्रश्नापुढचं ‘हो’

अमरावती, ३ नोव्हेंबर २०२५

ती. मंजुताईस, जीवनचा सा. नमस्कार वि. वि.

पत्र पाहून हसशील. पण फोन आई स्पीकरवर ठेवते, आन् हे तिच्यासमोर बोलायचं नाही. इथं फुलबाजारात हाताले काम मिळालं. शेवंतीले असा भाव आहे की... असो, भरकटलो.

वर्षभर फिरायले निघायच्या आधी आरोग्य विमा काढ, ही तुझीच अट. विमा एजंट किशोरभाऊंनी दोन पॉलिसी दाखवल्या. स्वस्त पॉलिसीत कंपनीच्या यादीतलेच दवाखाने, महागडीत देशात कुठलाही. पण दोन्ही फॉर्मवर पाचवा प्रश्न एकच: फिट, मिरगी येते काय? किशोरभाऊ म्हणजे शिवमचे सख्खे मामा, आन् शिवमकडे तुझी बोलणी चालू. हो लिहिलं तर मले फिट येते हे तिकडे कळेल आन् तुझं लग्न फिसकटेल. नाही लिहिलं आन् वाटेत पडलो तर कंपनी हात झटकेल. दुसऱ्याकडून काढतो म्हटलं, तर आई म्हणते, होणारा सोयरा सोडून परक्याकडे काहून? मले काही सुचून नाही राहिलं.

माया कमी करू नको.
तुझा भटक्या भाऊ,
जीवन

अकोट, ७ नोव्हेंबर

चि. जीवनास अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच. आईला विचारलं. ती वांगे तोडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही लिही म्हणा त्याले. इतके वर्ष झाकलं, दोन महिने अजून." मी विचारलं, उद्या हा माझ्या सासरी येऊन पडला तर काय सांगू? ती उठून दुसऱ्या ओळीत गेली.

तू हो लिही. महागडी घे. माझं काय होईल ते विचारू नको, मलाच काही वाटून नाही राहिलं.

गोळ्या दोन्ही वेळ घे, म्हणजे माया पोचली समजेन.
मंजुताई

अमरावती, १९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

हो लिहिलं. किशोरभाऊंनी वाचलं, पेनाले टोपण लावलं, मले चहा पाजला आन् संत्र्याच्या बहाराचं बोलत बसले.

पॉलिसी आली. बसस्टँडवर वाचली. अकराव्या पानावर लिहून आहे, आधीपासूनच्या आजाराचा खर्च तीन वर्षांनंतर. मी तर एकच वर्ष फिरणार. बाकी आजाराले मिळेल. खोटं लिहिलं असतं तर तेही गेलं असतं म्हणतात. पण फिटले काही नाही. ताई, तिकडून काही निरोप?

रागावली असशील तरी लिही.
जीवन

अकोट, २६ नोव्हेंबर

चि. जीवनास आशीर्वाद.

निरोप आला. यंदा शिवमचं करायचं नाही म्हणतात. आई काल बोलली ते वांग्याच्या भावाचं. मी रडायला बसले होते, तेवढ्यात लाइन आली, मग मोटर सुरू करायला गेले. नंतर राहूनच गेलं.

ते अकरावं पान पुन्हा वाचू नको. आता सगळ्यांना माहीत झालं, म्हणजे लपवायचं संपलं. गोळ्या पिशवीत चिवड्याखाली दडवू नको, वरच्या खिशात ठेव. गाडीत शेजारी बसेल त्याला आधी नाव सांग, मग सांग, मी पडलो तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा हुंगवू नका. हे आपण आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. परवा मी शेजारच्या कौशल्याकाकूंना सांगून पाहिलं. त्या नुसत्या बरं म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडत राहिल्या.

लोभ आहेच, मागायला लावू नको.
तुझी ताई