कोरडा शिधा

अकोला, उपवासकाळातला शुक्रवार, १८६४

जीव थाऱ्यावर नाही. यंदा शिवारभर कापूसच, ज्वारी महाग, म्हणून चर्चच्या ओसरीवर आम्ही भुकेल्यांना आंबील वाढतो. आज तेल्हाऱ्याची एक म्हातारी आजारी सुनेला घेऊन आली, पण वाटीला हात लावेना.

"मास्तर, हे खाल्लं तर आमी बाटू. आमाले पीठ द्या, मी रांधीन."

कोरडा शिधा द्यायचा नाही, लोक विकतात, ही पाद्रीबाबांची ताकीद. मी नाही म्हटलं. म्हातारी निघाली, सुनेला उठवेना. मग मी घरचं पीठ आणून तिच्या पदरात ओतलं. चुकलं का माझं?

"उद्या सगळेच पीठ मागतील," पाद्रीबाबा कडाडले.

"मागू देत." त्यांना पहिल्यांदाच उलट बोललो.

म्हातारीने अंगणात तीन दगड मांडले. पाद्रीबाबा स्वतः तिला लाकडं देऊन आले. माझ्याशी मात्र अजून बोललेले नाहीत.