कुंपणाबाहेरचा मुलगा

एन्काईदादा,

आई गेली. आपल्या मठातले बुद्ध हलवून सरकारनं शिंतो देऊळ केलं, मला केस वाढवायला लावून तिथला पुजारी केलं. आता नवा हुकूम आलाय: सरकारी पुजाऱ्यानं अंत्यविधी करायचा नाही.

आई म्हणाली होती, "माझ्यासाठी सूत्र तूच म्हण हं. एन्काई भारी घाईत म्हणतो." मी 'हो' म्हणालो. तो शब्द मोडला, म्हणूनच हे पत्र तुला धाडणार नाही.

आईच्या अंत्यविधीला मी स्मशानाच्या कुंपणाबाहेर उभा होतो. शेजारची ओतात्सु म्हणाली, "काय पुजारीबुवा, सख्ख्या आईचं सुतकही सरकारला विचारून?"

तेवढ्यात आत परगावचा भिक्षू सूत्र म्हणताना अडखळला. पुढची ओळ माझ्या ओठांवर आली. मी दात आवळले.

उद्या देवळात सरकारी साहेबांसमोर राज्याच्या भरभराटीची प्रार्थना म्हणायचीय. दादा, सूत्राची ती ओळ अजून तोंडातच आहे.

तुझा र्योजुन
(हे भिक्षूचं नावही आता चालत नाही)